जुना क्षय आणि कॅमेऱ्याची कॅप्सूल

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. तिचे हिमोग्लोबिन वारंवार ७ पर्यंत उतरते आणि अधूनमधून तिला शौचास काळे होते. तोंडातून आणि गुदमार्गातून दुर्बीण घालून झाली, पण काही सापडले नाही. आता जळगावच्या डॉक्टरांनी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला सांगितले आहे. तरुणपणी तिला पोटाचा क्षय झाला होता. कॅप्सूल आत अडकणार तर नाही ना?
— एक वाचक, यावल

उत्तर : क्षयाची ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली नसेल, तर आधी ती घालावी. एक दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत आणि दुसरी त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचते. मधले कित्येक मीटर आतडे पाहायचे राहूनच जाते. त्यासाठी ही कॅप्सूल आहे. इस्रायलचे अभियंते गॅव्रिएल इदान यांच्या कल्पनेतून ती साकारली आणि २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. सुमारे २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर रुंद अशी ही कॅप्सूल आतड्याच्या स्वाभाविक हालचालीने पुढे सरकत आठ तास किंवा त्याहून अधिक काळ हजारो छायाचित्रे काढते. ती कमरेला बांधलेल्या यंत्रात साठतात.

आपली भीती मात्र निराधार नाही. रक्तस्रावासाठी तपासलेल्या शंभर रुग्णांत एरवी एखाद-दोघांतच ती अडकते. परंतु क्षय बरा होताना आतड्यातील व्रण आकसतो आणि वाट अरुंद होते. गुडघेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही असे आकुंचन होऊ शकते, शिवाय त्याच गोळ्यांनी रक्तस्रावही होतो. आई त्या घेत असल्यास तेही सांगावे. जेवणानंतर पोटात पीळ पडत असेल किंवा पोट फुगत असेल, तर संशय अधिक बळावतो. म्हणून आधी आतड्याचे सीटी स्कॅन किंवा आपोआप विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देऊन वाट मोकळी असल्याची खात्री करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. अडकलेली कॅप्सूल बहुधा दुखत नाही, पण ती काढण्यासाठी विशेष दुर्बीण किंवा शस्त्रक्रिया लागू शकते.

वाट मोकळी निघाली, तर तपासणी टाळू नये. आदल्या रात्रीपासून उपाशी राहावे लागते आणि लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवतात. त्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे लक्षात असू द्यावे. कॅप्सूल साधारणतः दोन-तीन दिवसांत शौचावाटे पडते. ती पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय मुळीच करू नये. शंका वाटल्यास पोटाचा एक्स-रे काढून घ्यावा.