‘आजीवन’ म्हणून विकलेलं अॅप बंद करताना

प्रश्न : मी साताऱ्याचा. रतीबवाल्यांसाठी दुधाच्या हिशेबाचं अॅप चालवतो. वर्षाला २९९ रुपये किंवा एकदाच ९९९ रुपयांत ‘आजीवन’. महिन्याला जेमतेम दोन हजार येतात, त्यातले दीड हजार सर्व्हरलाच जातात. दिवाळीतच बंद करायचं ठरवलं, पण विक्री चालूच राहिली आणि त्यानंतर ११ जणांनी वार्षिक प्लॅन घेतला. आता १४ महिन्यांपूर्वी ‘आजीवन’ घेतलेले जळगावचे एक जण ‘ग्राहक मंचात खेचतो’ म्हणतात. १ तारखेला अॅप काढून टाकू का?

उत्तर : बंद करणं तुमच्या हातात आहे. न परवडणारं दुकान चालवत बसा, असं कुठलाच कायदा सांगत नाही. पण १ तारखेला नको. आणि खरं सांगू, जळगावकरांपेक्षा मला ते ११ जण जास्त खटकले.

बंद करायचं ठरवून वर्षभराचे पैसे घेणं म्हणजे जे वचन पाळायचंच नाही ते देणं. करार कायदा, १८७२चं कलम १७ याला कपट म्हणतं. ‘विक्री थांबवायची राहून गेली’ असं तुम्ही म्हणालात, तर मला पटेल. पण दिवाळीत भागीदाराला ‘मार्चमध्ये गाशा गुंडाळू’ असा व्हॉट्सॲप मेसेज केला असेल, तर समोरचा वकील आधी तोच दाखवील. म्हणून आजच विक्री बंद करा आणि त्या ११ जणांना पूर्ण पैसे परत द्या. वापरलेल्या दिवसांचे कापू नका.

आता जळगाव. मंचाचा आता आयोग झाला आहे. ‘रतीबवाला धंद्यासाठी अॅप घेतो, तो ग्राहक कसा?’ या बचावावर विसंबू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी हेतू’ धरली जात नाही, आणि सेवेलाही तेच माप लावा, असं समोरचा म्हणू शकतो. शिवाय तक्रार ते राहतात तिथेच करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तारखांना जळगावची वारी तुम्हालाच घडेल.

‘आजीवन’ म्हणजे कोणाचं जीवन, ग्राहकाचं, फोनचं की अॅपचं? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायची न्यायालयांची जुनी रीत आहे. ‘आम्ही केव्हाही सेवा बंद करू शकतो’ असं वाक्य तुमच्या अटींत असलं, तरी ते ढाल ठरेलच असं नाही. योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट अनुचित ठरू शकते. परवडत नाही हे कारण मांडता येईल, पण सोबत नोटीस आणि परतावा हवा.

माझा हिशेब असा : वर्षाला २९९ धरून १४ महिन्यांचे साधारण ३५० होतात, उरलेले ६५० परत. बाकी आजीवन ग्राहकांनाही हेच माप. कायद्यात असं सूत्र नाही, पण तक्रार येण्याआधी लेखी देऊ केलेला परतावा आयोगापुढे तुमच्या बाजूने बोलतो. चालू वार्षिक प्लॅनचे उरलेल्या महिन्यांचे पैसे द्या. स्टोअरवरून अॅप काढलं म्हणून आपोआप नूतनीकरण थांबेल असं समजू नका. ते वेगळं रद्द करा.

पैशांपेक्षा नाजूक गोष्ट म्हणजे नोंदी. कोणत्या घरी किती लिटर, कोणाची किती बाकी, ही त्या माणसाची उधारीची वही आहे. किमान ६० दिवसांची नोटीस द्या, अॅपमध्येही आणि एसएमएसनेही, शक्यतो मराठीत. एक्सेलमध्ये नोंदी उतरवून घ्यायचं बटण द्या. मुदत संपल्यावर घरोघरची नावं आणि फोन नंबर सर्व्हरवरून खरोखर पुसा. २०२३च्या वैयक्तिक डेटा कायद्याचा रोखही, काम संपलं की माहिती पुसा, असाच आहे. कोणी अख्खं अॅप विकत मागितलं, तर ती यादी ग्राहकांच्या संमतीशिवाय देऊ नका. तुमच्या स्वतःच्या विक्रीच्या आणि परताव्याच्या नोंदी मात्र जपा.

१ तारीख का नको? महिनाअखेरीला बिलं निघतात आणि वसुली दहा तारखेपर्यंत रेंगाळते. शेवटच्या महिन्यात नवी नोंद बंद ठेवा, पण जुनं खातं १५ तारखेपर्यंत उघडू द्या.