टाळ-मृदंगासह साक्ष

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीतील तरुणांनी उपासनेत साक्षीला (देवाचा आलेला अनुभव सर्वांपुढे सांगण्याला) जोडून टाळ-मृदंगावर भजन म्हणायचे ठरवले आहे, परंतु काही ज्येष्ठांना ही रीत परकी वाटते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, नगर जिल्हा

उत्तर : ही रीत परकी मुळीच नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपली ख्रिस्तभक्ती अभंगांतून आणि कीर्तनांतून मांडली, व त्यांची गीते मराठी मंडळ्या आजही प्रेमाने गातात. म्हणून ज्येष्ठांच्या ओठांवर असलेल्या त्यांच्याच एखाद्या भजनाने आरंभ करावा. आगगाडीत एका अनोळखी गृहस्थाने दिलेला बायबलचा नवा करार वाचताना येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आपले मन कसे जडले, हे टिळकांनी सांगून ठेवले आहे. साक्ष अशीच असावी, असे मला मनापासून वाटते : कोणत्या प्रसंगी कोणत्या वचनाने धीर दिला हे नेमके सांगणारी, दुःख फुगवून न सांगणारी. तिच्यामागोमाग त्याच आशयाचे भजन घ्यावे. पेटीची पट्टी मात्र खालची ठेवावी; वरच्या पट्टीत वयस्करांचा आवाज पोहोचत नाही, आणि भजन पुढे बसलेल्या चौघांपुरतेच उरते.