घरी थर्माकोल आणि फायबरग्लासचा रेसिंग पॅडलबोर्ड बनवता येतो का? गावात बोटीचं रेझिन आणि मॅट सहज मिळतं, तेच वापरलं तर खर्च किती येईल?

बनवता येतो. मी १४ फुटी, उभं राहून वल्हवायचा बोर्ड बनवलाय आणि तो अजून पाण्यात आहे. पण बोटीचं रेझिन आणि मॅट (काचेच्या तुटक्या धाग्यांची चटई) वापरणार असाल, तर सुरुवातच करू नका.

आमचं घर मालवणकडचं, काका फायबरच्या होड्या बनवतात. त्यांच्या होड्या वर्षानुवर्षं समुद्रात जाताहेत, त्यामुळे फायबरच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा. मी थर्माकोलचा ब्लॉक गरम तारेने कापून, घासून आकाराला आणला होता. काकांनी येऊन अंगठ्याने दाबून बघितला आणि म्हणाले, "मॅट घातल्याशिवाय ह्या टिकाचा नाय." शेडमध्ये त्यांचा पॉलिएस्टर रेझिनचा डबा होताच. मी कापताना उरलेला एक तुकडा घेतला आणि त्यांच्यासमोर त्यावर ब्रशने रेझिन फिरवलं. तुकडा आधी ओला चकाकला, मग दाणे सुटे व्हायला लागले, बघता बघता मधोमध खड्डा पडला आणि तळाशी पांढरा चिकट लगदा उरला. त्या रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्माकोल खातं. थर्माकोलवर एपॉक्सीच (स्टायरीन नसलेलं रेझिन) लागते, दुसरा इलाज नाही.

काकांनी तेवढं मान्य केलं. पण "मग एपॉक्सी घे, मॅट तरी घालच" हे त्यांचं पालुपद सुटलं नाही. दर गणपतीला सगळे जमले की हा वाद निघतो, म्हणून इथे हिशेबच मांडतो.

बोर्डाला वर-खाली-कडा धरून साधारण ६ चौरस मीटर कापड लागतं. चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या, काचेच्या विणलेल्या कापडाचे दोन थर म्हणजे २.४ किलो काच, आणि रबराच्या पट्टीने जादा रेझिन ओढून काढलं तर जवळपास तेवढंच रेझिन. पाच किलोत काम झालं. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एकच थर २.७ किलो, शिवाय मॅट स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन पिते. म्हणजे आठ-नऊ किलो, तेही एका थरात! वर मॅटमधलं बांधणारं द्रव्य बहुतेक वेळा स्टायरीनमध्ये विरघळेल असंच बनवलेलं असतं. एपॉक्सीत ती कडकच राहते, बोर्डाच्या कडेवर नीट वळत नाही.

होडी साच्यात बाहेरून आत बनते, तिची ताकद जाडीत असते. बोर्डात आतला फोम, म्हणजे थर्माकोल, दोन पातळ कातड्यांना एकमेकींपासून लांब धरतो आणि ताकद त्या अंतरातून येते. उभं राहायच्या जागी टाचेने खड्डा पडू नये म्हणून कापडाचा एक जादा तुकडा घाला, बस्स. काका, तुम्ही हे वाचत असाल तर माझा बोर्ड १३ किलोच्या आत आहे.

फोम घनमीटरला २० किलोच्या आसपासचा घ्या. टीव्हीच्या खोक्यातला पॅकिंगचा नको, तो फार हलका आणि भुसभुशीत असतो. रुंदी २६ इंच ठेवली तर आकारमान २७० लिटरच्या घरात जातं. फोमचं वजन साडेपाच किलो. कापड ऊन उतरल्यावर, संध्याकाळी लावा. सकाळी लावलंत तर तापमान चढतं, फोममधली हवा फुगते आणि ओल्या कापडाखाली बुडबुडे येतात. संध्याकाळी हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. याच कारणासाठी बोर्डाला व्हेंट (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं भोक) हवाच, नाहीतर किनाऱ्यावर उन्हात ठेवलेला बोर्ड फुगून कातडी सुटते.

खर्चाचं म्हणाल तर मुख्य पैसा एपॉक्सीत जातो. ओढून काढलेलं आणि वरच्या हाताचं रेझिन धरून पाच-सहा किलो एपॉक्सी आणि मीटरभर रुंदीचं १५ मीटर कापड धरून दुकानात भाव काढा. बोटीच्या रेझिनपेक्षा महाग पडेल, पण ते स्वस्त रेझिन इथे चालतच नाही, मग तुलना कशाला?

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं. हातमोजे घातल्याशिवाय एपॉक्सीला हात लावू नका, एकदा ॲलर्जी जडली की ती जन्माची. घासताना साधं फडकं नको, धुळीचा चांगला मास्क लावा. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन काढल्याशिवाय रेझिनचा वरचा हात नीट धरत नाही.