जीपच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो वेगळा असला तर चालतो का?

प्रश्न असा आहे: जुन्या सीजे-3बीला मागचं एक्सल भंगारातून आणून बसवलं, ते 4.88 निघालं. पुढचं मूळचं 5.38. फोर व्हील (चारी चाकांना ताकद) फक्त चिखलात लावतो. चालेल का, की पुढचा क्राउन-पिनियन (एक्सलमधली गिअरची जोडी) बदलू?

नाही चालत. "चिखलात टायर घसरतोच की, चालतंय" हे ज्या मिस्त्रीनं पहिल्यांदा काढलं, त्याच्याकडून आजवर तुटलेल्या सगळ्या क्रॉसचे (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला अधिकचिन्हासारखा तुकडा) पैसे वसूल करायला पाहिजेत.

आधी हिशोब. 5.38 म्हणजे क्राउनला 43 दात, पिनियनला 8. 4.88 म्हणजे 39 आणि 8. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टला (गिअरकडून एक्सलकडं जाणारा दांडा) तेवढे फेरे. फोर व्हील लागलं की ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारी गिअरपेटी) दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीनं फिरवते, मध्ये दोघांना वेगळ्या गतीनं फिरू देणारं डिफ्रन्शिअल नाही. मग तुमची पुढची चाकं मागच्यांपेक्षा नऊ टक्के हळू फिरणार. 6.00-16 च्या टायरला हा फरक दर फेऱ्याला सुमारे 20 सेंटिमीटर पडतो. तेवढं कुठल्या तरी टायरनं घासायचं, नाहीतर लोखंडानं पीळ सोसायचा.

राधानगरीकडच्या एका जीपला नेमकं हेच कॉम्बिनेशन होतं. उसाच्या सरीतून लो गिअरमध्ये निघाली, चिखलात काही झालं नाही. तशीच डांबरीवर आली. फोर व्हीलचा लिव्हर निघेना. ड्रायव्हरनं पायानं रेटा दिला, तरी निघेना. पीळ बसलेला असताना गिअरचे दात एकमेकांना दाबून धरतात, लिव्हर ओढून काय होणार? अशा वेळी सरळ रेषेत हळू रिव्हर्स घ्यायचं आणि पीळ सुटतो त्या क्षणी लिव्हर काढायचा. यानं वळण घेतलं. वळणावर पुढच्या चाकांना लांबचा पल्ला असतो, त्यांना जास्त फिरायचं असतं. इथं ती आधीच मागं. पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला. उघडल्यावर क्रॉसच्या खुंटांवर बेअरिंगच्या सुयांचे खड्डे, ओळीनं, नखाला लागतील एवढे. म्हणजे तो त्या दिवशी तुटला नव्हता, कित्येक चिखलांत थोडा थोडा मरत आला होता. ट्रान्सफर केसमधलं नव्वद नंबरचं ऑइल काळं, जळका वास. आणि दोष कुणाला? क्रॉस डुप्लिकेट होता म्हणे!

तुमचा 4.88 हा आकडा कुणी सांगितला? कव्हरच्या बोल्टला लावलेल्या पत्र्यावर विश्वास ठेवू नका, हाउसिंग एकाचं आणि आतला माल दुसऱ्याचा असतो. ट्रान्सफर न्यूट्रलला टाका, एकच मागचं चाक उचला. ते चाक 20 फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. दुसरं चाक जमिनीवर पक्कं असल्यामुळं 20 फेरे म्हणजे क्राउनचे 10. शाफ्टचे पावणेचोपन्न आले तर 5.38, पावणेएकोणपन्नास आले तर 4.88. जमिनीवरच्या तिन्ही चाकांना लाकडी गुटके लावल्याशिवाय हे करू नका. या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो, चाकांवर नाही. एक चाक हवेत असलं की हँडब्रेक ओढूनही गाडी घरंगळते. आणि इथं तर शाफ्ट फिरवायचाय, म्हणजे तो सोडावाच लागणार.

कुठला बदलायचा? शेत आणि गगनबावड्याचा घाट असेल तर मागं परत 5.38 घाला. हायवेलाच जास्त पळवत असाल तर पुढं 4.88. क्राउन-पिनियन जोडीनंच घ्यायचा, आणि पुढचा मागं बसत नाही, हाउसिंगच वेगळं. शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दातांमधला मोकळेपणा) आणि दातांवरची खूण बघणारा माणूस नसेल तर तयार एक्सल बदललेलं परवडतं. मागं 4.88 ठेवलं तर मीटरही खोटा बोलेल: 50 दाखवेल तेव्हा गाडी 55 ला असेल.

कुणीतरी म्हणेलच, ट्रॅक्टरचे रेशो तर वेगळेच असतात की. असतात, कारण पुढची चाकं लहान. सगळा हिशोब टायरच्या कडेच्या वेगाचा आहे, आणि तिथं पुढची चाकं मुद्दाम साधारण 1 ते 5 टक्के जलद ठेवतात, तुमच्यासारखी हळू नाही. जीपलाही 4.10 ला 4.11 एवढाच फरक असला तर कुणाला कळणारही नाही. पण दोन टायर नवे आणि दोन गुळगुळीत असले तर रेशो जुळूनही पीळ बसतो, हे विसरू नका.

आणि हो, फोर व्हील लावायचंच नसेल तर हा फरक कुणाला त्रास देत नाही, गाडी आहे तशी चालवा. फक्त या ट्रान्सफर केसमध्ये पुढचं लावल्याशिवाय लो पडत नाही, त्यामुळं लो पण गेला. पुढं फ्री व्हील हब (चाक एक्सलपासून सोडवणारे) असतील तर ते मोकळे ठेवून लो वापरता येईल.