राउटर परत दिला, तरी पैशांची मागणी

प्रश्न : मानेवाडा भागातील आमच्या घरी एका मोठ्या कंपनीचे ब्रॉडबँड होते. जोडणी देताना केबलचालकाच्या माणसाने राउटर मोफत असल्याचे सांगितले, मात्र नंतरच्या बिलांत ‘उपकरण भाडे’ आकारले जाऊ लागले. घर बदलताना सेवा बंद करून आम्ही राउटर त्याच माणसाच्या हवाली केला. त्याने पावती दिली नाही. आता कंपनी उपकरण परत न केल्याबद्दल अडीच हजार रुपये मागते आहे आणि आमची अनामतही तिने अडकवून ठेवली आहे. ग्राहक सेवा केंद्रात दर वेळी नवी तक्रार नोंदवतात आणि काहीच न होता ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा संदेश येतो. केबलचालक कंपनीकडे बोट दाखवतो. वसुलीचे फोन मात्र नेमाने येतात. पैसे भरून मोकळे व्हावे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ही रक्कम मुकाट्याने भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दरमहा भाडे घेतले, याचा अर्थ राउटर स्वतःच्या मालकीचा असल्याचे कंपनीनेच मान्य केले. तेव्हा तो परत करण्याची जबाबदारी तुमची होती, हे खरे. परंतु ज्याच्यामार्फत कंपनीने जोडणी दिली, त्याच माणसाच्या हाती उपकरण सोपवले असेल, तर ते कंपनीलाच पोहोचले, असे तुम्हाला ठामपणे मांडता येते. पावती नसली तरी पुरावा उभा करता येतो. राउटर नेण्यापूर्वीचे व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणे जपून ठेवा आणि केबलचालकाला आजच संदेश पाठवून, अमुक तारखेला तुमचा माणूस राउटर घेऊन गेला, एवढे लेखी कळवा. त्याचे उत्तर कसेही आले तरी ते उपयोगी पडेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे राउटरचा अनुक्रमांक. तो बहुधा जोडणीच्या अर्जावर किंवा खोक्यावर असतो. त्या क्रमांकाचे उपकरण सध्या कोठे आहे आणि ते दुसऱ्या ग्राहकाच्या घरी सुरू आहे काय, याचे उत्तर कंपनीकडे लेखी मागा. परत आलेली उपकरणे घासूनपुसून पुन्हा बसवली जातात. तसे झाले असेल, तर भरपाईची मागणी टिकणारच नाही. भाड्याबाबत तुम्ही सही केलेल्या अर्जाची प्रत मागवा. त्यात भाड्याचा उल्लेख नसेल, तर आजवर घेतलेले सर्व भाडे परत मागता येईल.

आता तक्रारीचा मार्ग. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या विनियमांनुसार तक्रार नोंदवताच डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळणे हा तुमचा हक्क आहे. तक्रार खोटेपणाने बंद झाली की नवी नोंदवत बसू नका, कारण त्यामुळे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. त्याच डॉकेट क्रमांकाचा उल्लेख करून ३० दिवसांच्या आत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. या अपिलाला शुल्क नाही आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत होणे अपेक्षित आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. तेथे पत्रे पाठवण्यात अनेक वाचकांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. वसुलीचा फोन आला, तर बिल वादग्रस्त असून अपील प्रलंबित आहे, असे सांगा आणि तेच ईमेलनेही कळवा.

दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. कंपनीचे मुख्यालय कोठेही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तेथेच, म्हणजे नागपुरातच, तक्रार दाखल करता येते. वस्तू वा सेवेपोटी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, ऑनलाइन दाखल करण्याचीही सोय आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दूरसंचाराचे वाद ग्राहक आयोगापुढे चालत नाहीत, असा आक्षेप कंपनीचे वकील घेत असत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो फेटाळला आहे. तक्रारीत अनामत, भाडे आणि मनस्तापाची भरपाई या तिन्ही मागण्या वेगवेगळ्या लिहा.

प्रश्न : पावसाळ्यात वीज कडाडली आणि भाड्याचा राउटर जळाला. कंपनी किंमत मागते. द्यावी लागेल का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आधी अर्जातील अटी पाहा. विजेच्या दाबामुळे झालेले नुकसान ग्राहकावर टाकणारी स्पष्ट अट असेल, तर बाजू कमकुवत होते. तशी अट नसेल, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १५१ व १५२ तुमच्या बाजूने आहेत. दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेतली असेल, तर वस्तू नष्ट झाल्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्या दिवशी परिसरात आणखी कोणाची उपकरणे जळाली का, याची चौकशी करा आणि जळालेला राउटर फेकून न देता त्याची छायाचित्रे काढून, पावती घेऊनच कंपनीच्या ताब्यात द्या.