ऑपरेशनच्या टाक्यात पू झालाय, कल्चरचा (पुवातले जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला तीन दिवस आहेत. तोवर गावच्या मेडिकलमधून भारी अँटिबायोटिक आणून द्यावं का?

नाही, देऊ नका. मी लॅबमध्ये हीच कल्चर लावते. दवाखान्यात लागलेले क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू बरेचदा सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिक गोळीलाच काय, मेरोपेनेमच्या इंजेक्शनलाही दाद देत नाहीत. काही जंतू औषध फोडणारं एन्झाइमच तयार करतात. अंदाजानं दिलेल्या गोळीनं साधे जंतू मरतात, हट्टी तेवढे उरतात. त्यात पू तपासायला देण्याआधीच गोळी पोटात गेली असेल, तर कल्चरमध्ये बरेचदा काही वाढत नाही आणि तीन दिवस फुकट जातात. (यवतमाळ-वर्ध्याकडचे निम्मे नमुने असेच ‘आधी दोन गोळ्या घेऊन’ येतात की काय, असं वाटतं.) रिपोर्टमध्ये ‘एस’ म्हणजे औषध लागू, ‘आर’ म्हणजे निरुपयोगी. पण ‘एस’वालं औषधही डॉक्टरच निवडतील, किडनी बघून. तोवर ड्रेसिंग चुकवू नका. पू नीट निघणं औषधाइतकंच महत्त्वाचं.

मात्र थंडी वाजून ताप, धाप, बरळणं किंवा लघवी कमी झाली तर रिपोर्टची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात, रिपोर्ट आल्यावर बदलतात.