नाल चुकली की रोग बळावला?

प्रश्न : माझ्या घोडीला लॅमिनायटिस (खुराच्या आत सूज येण्याचा रोग) झाला. डॉक्टरांनी एक्स-रे काढून पुढच्या दोन्ही पायांना हार्ट-बार नाल (मधल्या पट्टीने खुराला खालून आधार देणारी) बसवायला सांगितली होती. नालबंदाने साधीच नाल ठोकली. आता घोडीला उभंही राहवत नाही. तो म्हणतो, "रोगच तसा आहे." वर बिलासाठी त्याने नोटीस पाठवली आहे. मी काय करू?

उत्तर : पुरावा जपायचा म्हणून उपचार लांबवू नका, डॉक्टरांना आजच बोलवा. मात्र नाल उतरवण्याआधी खुरांचे समोरून, बाजूने आणि तळव्याकडून फोटो घ्या, बाजूने एक्स-रेही काढा. उतरवलेली नाल आणि खिळे तारीख लिहून पिशवीत ठेवा.

नालबंदाचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. या रोगात खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुजून सैल होतात. मागचा स्नायुबंध हाड ओढत राहतो, त्यामुळे हाड फिरतं किंवा खाली बसतं. योग्य नाल असूनही हे होऊ शकतं. म्हणून घोडी बिघडली एवढं दाखवून भागणार नाही. नालेमुळे ती जास्त बिघडली, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. आधीचा आणि आताचा एक्स-रे शेजारी ठेवून हाडाचा कोन किती बदलला, तळवा किती पातळ झाला, यावर दुसऱ्या पशुवैद्यकाचं लेखी मत घ्या. खुरावरची वलयंही त्यांना तपासायला सांगा. वलयं टाचेकडे रुंद आणि पुढे अरुंद असतील, तर दुखणं जुनं असण्याची शक्यता मोठी. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मागच्या कित्येक महिन्यांचा हिशेब त्यावर दिसतो. तसं निघालं तर तक्रारीत तुम्हीच आधी सांगा. समोरच्या वकिलाने ते उघड केलं, तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरही शंका येईल.

दुसरी कळीची गोष्ट म्हणजे डॉक्टरांची सूचना त्याच्यापर्यंत कशी पोचली? चिठ्ठी, मोबाइलवरचा संदेश, काहीही शोधा. सूचना हातात असून त्याने स्वतःच्या मनाने बदल केला असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार उपचार ठरवण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. सूचना तोंडीच होती आणि मध्ये तबेल्यातला माणूस निरोप्या होता, तर मात्र नालबंदाला एकट्याला धरता येणार नाही.

नोटिशीला गप्प बसू नका. बिल का अमान्य आहे, ते वकिलामार्फत लेखी कळवा. घोडी हौसेची असेल, किंवा तुम्ही स्वतः राबून तिच्यावर पोट भरत असाल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात जाता येईल. त्यासाठी मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. मोठ्या व्यवसायासाठी पाळलेली असेल, तर दिवाणी न्यायालय.

आणि "जरा फिरवा, रक्त मोकळं होईल" असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. सैल झालेले पापुद्रे चालण्याने आणखी फाटतात. आजारी जनावराला कामाला जुंपणं प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हा आहेच, शिवाय "मालकानेच घोडी बिघडवली" हा बचाव नालबंदाला आयता मिळेल.